फडताळातले दोन रिकामे खण

माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. कुणी सरकारला देतो, कुणी भाऊबंदांना देतो, आणि अगदीच कुणी हाताशी नसलं तर नशीब असतंच. आमच्या भाऊजींचं भांडण मात्र थेट पृथ्वीशी होतं आणि ते त्यांनी जन्मभर एकट्यानं चालवलं. पृथ्वीनं साऱ्या जगाला तीन जातींचे खडक वाढले आणि कर्जत-खालापूरच्या पानात एकच टाकला, तोही काळा, हा पंक्तिप्रपंच त्यांना कधी सहन झाला नाही. इतर माणसं सकाळी दारात उभी राहून माथेरानच्या डोंगराकडे बघतात आणि त्यांना बरं वाटतं. भाऊजी बघायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. "काय बघायचं त्यात?" ते म्हणायचे. "पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळाच."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहायला कडावला आणि जवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी. माझं कर्जतच्या बाजारात औषधांचं दुकान होतं आणि बिऱ्हाड दहिवलीला, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी आमची गाठ पडायचीच. शिडशिडीत अंग, काळी टोपी, आणि एक जुना कोट, ज्याच्या एका खिशात हातोडी आणि दुसऱ्या खिशात दगड. वाटेत दगड दिसला की ते थांबणार, उकिडवे बसणार, हातोडीचा एक ठोका घालणार, फुटलेली बाजू उन्हात धरणार आणि मग अंगातलं सगळं बळ गेल्यासारखे म्हणणार, "काळाच निघाला." निघणार काळाच, हे सबंध तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. तरी ठोका घालण्याआधी त्यांच्या तोंडावर जी आशा दिसायची ती बघवत नसे, आणि ठोका घातल्यानंतरचं तोंड तर त्याहून बघवत नसे. यष्टीचा कंडक्टर त्यांची थट्टा करायचा. "काय गुरुजी, आज खिसं हलकं दिसत्यात. कडावचं दगड सपलं काय?" भाऊजी गंभीरपणे म्हणायचे, "दगड भरपूर आहेत हो. जात एकच आहे." हे ते अशा सुतकी आवाजात म्हणायचे की कंडक्टर मुकाट्यानं तिकीट फाडून पुढे जायचा.

खडक कसे होतात हे मी शाळेत शिकलो नाही, आक्काच्या चुलीपुढे शिकलो. तिथं भाऊजींचा वर्ग रोज भरायचा. पिठलं रटरटायला लागलं की ते पळीनं दाखवायचे. "पृथ्वीच्या पोटातला रस असाच रटरटत वर आला, पसरला आणि निवला. तो अग्निजन्य. बुडबुडे फुटायच्या आत निवला, म्हणून आपल्या दगडाला ही भोकं." तोच रस जमिनीच्या पोटात सावकाश निवला असता तर खडीसाखरेसारखे मोठे खडे दिसले असते, पण आपला उघड्यावर येऊन घाईघाईनं निवला, म्हणून त्यात कणसुद्धा दिसत नाही, हे ते असं सांगायचे की जणू घाई आम्हीच केली होती. बरं, रस एकदाच आला असता तर गोष्ट वेगळी. तो पुन्हा पुन्हा आला. घावनावर घावन टाकावं तसे थर चढले आणि सगळा सह्याद्री झाला. मग हंड्याच्या बुडाशी बसलेला गाळ बोटानं दाखवून दुसरा धडा. नदी गाळ आणते, समुद्राच्या तळाशी थरावर थर बसतो, वरच्या ओझ्यानं खालचा आवळत जातो आणि त्याचा दगड होतो. तो गाळाचा खडक. तेवढ्यात आक्का भाकरी भाजायला घ्यायची, की तिसरा धडा. "मघाशी हे पीठ होतं. आता याचं परत पीठ होईल का? तसाच जुना खडक, उष्णतेनं आणि दाबानं त्याचं दुसरंच काहीतरी होऊन बसतं. रूपांतरित खडक." इथपर्यंत येईस्तोवर पिठल्यावर साय धरलेली असे. आक्का ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, "जेवा आता. ह्येचं पार रूपांतर झालंय."

अशाच एका जेवणात आक्कानं, मनात काहीही नसताना, भाऊजींचा घात केला. भाकरी वाढता वाढता तिनं सहज विचारलं, "तुमी बगितलाय का वो कंदी त्यो गाळाचा दगड? डोंगरात, त्येच्या जाग्यावर?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. बघितला नव्हता. रूपांतरितही बघितला नव्हता. पुस्तकातली दोन करडी चित्रं त्यांनी इतकी वर्षं मुलांपुढे धरली होती. त्या दिवशी ते अर्ध्या पानावरून उठले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाचं तीन खणांचं फडताळ करवून घेतलं, वर्गाच्या भिंतीवर ठोकलं आणि प्रत्येक खणाखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवलं: अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. पहिल्या खणात काळा दगड ठेवला. उरलेले दोन खण नोकरी संपायच्या आत भरायचे असा त्यांनी निश्चय केला, आणि भरायचे तेही आपल्या तालुक्यातल्या मातीत जन्मलेल्या दगडांनी. मी म्हटलं, "मुंबईला मिळतात असले नमुने. आणून देतो." ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी गुरांच्या बाजारातून पोरगं आणतो म्हणालो होतो. "विकतचा ठेवला तर पोरांना काय वाटेल? की धड दगडसुद्धा आपल्याकडे होत नाहीत!" तोवर त्या दोन खणांत खडू राहायचे, डस्टर राहायचं, आणि एकदा एक मांजर दोन पिल्लं घालून गेली. "रूपांतरित"मध्ये.

आता गावोगाव बातमी पसरली की गुरुजींना काळा सोडून दुसरा दगड हवाय. माणसं भली, ती दगड आणायला लागली. खालापूरकडून कुणीतरी पांढरेशुभ्र, काचेसारखे चमकणारे खडे आणले, तेव्हा भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. पण ते खडे निघाले काळ्या दगडाच्याच भोकांत पाणी मुरून साकळलेले. "काळ्याच्याच पोटातलं पिल्लू," असं म्हणून त्यांनी ते आक्काला देऊन टाकले. तिनं देव्हाऱ्यात ठेवले. मग कशेळ्याच्या बाजूनं एकजण डोक्यावर एक भला थोरला करडा धोंडा घेऊन आला. पहिल्या ठोक्याला तो काळा निघाला नाही! अंगावर बारीक उभ्या-आडव्या रेघा, आत भुरकट, आणि कडेला थर असल्यासारखे. भाऊजींचे डोळे भरून आले. त्यांनी खडू, डस्टर काढून तो "गाळाचे" खणात बसवला, मुलांकडून एकेक करून हात लावून घेतला, आणि संध्याकाळी माझ्या दुकानी येऊन पेढे वाटले. तो धोंडा तिथं बरेच महिने सुखानं नांदला. पुढे शाळेची भिंत बांधायला आलेला मुकादम पाणी प्यायला वर्गात शिरला आणि बघतच राहिला. "गुरुजी, ह्यी आमची शिमिटाची गोण इथं कशी? पुलाच्या कामावर पावसात भिजून दगूड झालीवती, आमीच टाकली वढ्यात." अंगावरच्या रेघा गोणपाटाच्या होत्या.  भाऊजींनी धोंडा उतरवला आणि खडू परत खणात ठेवले.

पण या नादाचा खरा फटका बसला तो मला. माझ्या लग्नाची बोलणी खालापूरकडच्या एका घरी चालली होती. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगी मला पसंत, आणि माझ्याकडून वडीलधारे म्हणून भाऊजी. त्या लोकांनी ओटीवर नुकतीच शहाबादी फरशी बसवली होती. आम्ही बसलो, पोहे आले, पोह्यांबरोबर लिंबाची फोड आली. सगळे देण्याघेण्याचं बोलत होते आणि भाऊजी फरशीकडे बघत होते. मला तेव्हाच उठायला हवं होतं. बघता बघता त्यांनी खिशातला खिळा काढला, फरशीवर दोन रेघा ओढल्या, त्यावर लिंबू पिळलं आणि ओणवे होऊन कान लावला. चुनखडीच्या दगडावर आंबट पडलं की तो बारीक फसफसतो, हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार? त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलाकडच्या माणसानं आपल्या ओटीवर रेघा ओढल्या, लिंबू पिळलं आणि जमिनीला कान लावून तो काहीतरी ऐकतोय. मुलीची आजी आतून ओरडली, "करणी केली गं बाय, भर ओटीवर करणी केली!" पुढचं सांगण्यासारखं नाही. परत येताना माझ्या डोक्यात मोडलेलं लग्न होतं. भाऊजी मात्र स्वतःच्याच दुःखात होते. "फसफसला रे," ते म्हणाले. "खरा गाळाचा. पण मालगाडीनं आलेला. आपला नव्हे." पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं आणि ते चांगलं झालं, पण कुणाच्या घरी लिंबाची फोड पुढे आली की अजून माझा हात आधी ती झाकायला जातो.

या सगळ्यात एक गोष्ट भाऊजींनी कधी बघितली नाही ती म्हणजे माती. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस, पण मातीबद्दल त्यांना एक प्रकारचा तिटकारा होता. "माती म्हणजे मेलेला दगड," ते म्हणायचे. "मला जिवंत हवाय." आक्काचं आणि त्यांचं वर्षातून एकदा वाजायचं ते यावरूनच. दर कार्तिकात, तुळशीच्या लग्नाआधी, आक्का पहाटे एकटीच डोंगराकडे जायची आणि पदरात लाल गेरू घेऊन यायची. तो सहाणेवर उगाळून अंगणातलं तुळशीवृंदावन रंगवायची. आजूबाजूच्या बायका बाजारातला गेरू लावत, पण आक्काला तो पसंत नव्हता. "बाजारचा उडतो. ह्यो बसतो," एवढंच तिचं म्हणणं. आणि दर वर्षी निघताना ती भाऊजींना म्हणायची, "चला की येकदा माज्यासंगं. काळ्याच्या मधी लाल हाय तिथं. बगा तरी." भाऊजी चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघायचे. "अगं, माती ती. मातीसाठी डोंगर चढू?" आक्का म्हणायची, "बरं," आणि एकटी जायची. हे मी कितीदा ऐकलं असेल. मलाही तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

नोकरी संपली तेव्हा शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. नारळ, शाल, सरपंचांचं लांबलचक भाषण. भाऊजी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवरच्या फडताळाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पोरांना तीन खडक शिकवले. दाखवला एक." आणि बसले. लोकांना वाटलं ही विनयाची बोलण्याची पद्धत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का माझ्या शेजारी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. "मानूस आतनं तुटलाय रं," ती मला म्हणाली.

त्यानंतरच्या आषाढात आक्का गेली. ताप आला म्हणून माझ्याकडून औषध नेलं, तापावर वारा लागला, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत सगळं संपलं. मूलबाळ नव्हतं. घरात भाऊजी आणि दगड राहिले. मी जायचो तेव्हा ते चुलीपुढे बसलेले असायचे. चूल विझलेली असायची. पिठलं, भाकरी, हंडा, कशाकडे बोट दाखवून ते काही सांगायचे नाहीत. वाटेत दगड दिसला तर वळसा घालून पुढे जायचे. ते पहिलं वर्ष घरात सण नव्हता. तुळशीचं लग्नही झालं नाही. वृंदावनावरचा आक्काच्या हातचा रंग उन्हापावसानं फिका होत होत निघून गेला, आणि खालचा उघडा दगड दिसायला लागला. तोही अर्थातच काळा.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या कार्तिकात मी बळेच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, घराला चुना तरी लावू. वृंदावन घासताना त्याच्या पायाशी दिवा ठेवायचा जो कोनाडा असतो, त्यात हात घातला, तर एक करवंटी लागली, आत सुकलेला लाल रंग, आणि आक्काच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला एक मुठीएवढा गोळा. पुढच्या वर्षासाठी तिनं ठेवलेला असणार. मी तो भाऊजींच्या हातात दिला. त्यांचा हात सवयीनं खिशातल्या हातोडीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

ते तिथंच अंगणात बसले. चष्मा पुसला, परत घातला. मग कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तो वर्गातला आवाज ऐकला, पण अगदी बारीक. "हे बघ. हा वरचा काळा पोपडा. हा नंतर आलेला रस. ही खालची लाल, ही माती, थराथरानं साचलेली. आणि ही मधली बोटभर जागा बघ. रस जिथं तिच्यावर टेकला तिथं ती भाजून विटेसारखी झालीय." "एक रस आला, निवला. मग पुष्कळ काळ काहीच झालं नाही. दगड झिजला, माती झाली, साचली. गवतसुद्धा उगवलं असेल तिच्यावर. मग दुसरा रस आला आणि तिला भाजून झाकून टाकलं. अरे, आग आहे, गाळ आहे, भाजणं आहे. तिन्ही आहेत रे याच्यात." मग स्वतःशीच म्हणाले, "कॉलेजातले लोक नाक मुरडतील. गाळाचा म्हणायला कमी पडतो म्हणतील, रूपांतरित म्हणायला कमी पडतो म्हणतील. पडू दे. पोरांच्या हातात देता येईल. आपला आहे." जन्मभर जे शोधलं ते दर कार्तिकात त्यांच्या अंगणात उगाळलं जात होतं, आणि भाऊजी ते ओलांडून शाळेत तीन खडक शिकवायला जात होते.

मग त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी शाळेची भाषा कधी सोडली नव्हती, ती त्या क्षणी सुटली. "कुठनं आणायची रं ती?"

मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "येकलीच जायाची, गुरुजी. कंदी ह्या अंगाला, कंदी त्या अंगाला. आमी बाजारचा गेरू लावनारी, आमाला काय ठावं?" दुसऱ्या दिवसापासून भाऊजी डोंगर चढायला लागले. मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेलो. कार्तिकातलं गवत कमरेइतकं, कडे उन्हानं तापलेले, आणि हा म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा माती शोधतोय. गवत बाजूला करायचे, नखानं उकरायचे, पुढे सरकायचे. सगळीकडे तोच दगड. पण ते "काळाच" म्हणत नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. एका कड्याखाली ते बसले आणि म्हणाले, "दर वर्षी बोलवत होती. बरं म्हणायची नि जायची." मग उठून पुढचं गवत बाजूला करायला लागले.

जागा सापडली नाही. पण मुठीएवढा का होईना, नमुना हातात होता. मी शाळेत जाऊन आलो. नव्या गुरुजींनी मोठ्या मनानं दोन्ही खण रिकामे करून पुसून ठेवले. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वतःच्या हातानं तो दगड तिथं ठेवायचा, मुलांना सांगायचं, असं ठरलं. तुळशीच्या लग्नाला मी दुपारच्या यष्टीनं कडावला गेलो, ऊस आणि आवळे घेऊन. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकलो. वृंदावन वरपासून खालपर्यंत लाल झालं होतं. ओलं, ताजं, आक्काच्या वेळचं लाल. शेजारी सहाण, खलबत्ता, आणि कोपरापर्यंत रंगलेले भाऊजी.

"भाऊजी, दगड?"

"लावला," ते म्हणाले.

रिकामे पुसलेले खण डोळ्यांपुढे आले. "अहो, सगळं आयुष्य तुम्ही..."

"तिनं तो ह्याच्यासाठी आणलेला," ते म्हणाले. "फडताळासाठी नाय आणलेला. मी कवा मागितला तिच्याकडं? मागच्या वर्षी वृंदावन कोरडं राह्यलं. यंदा पण राह्यलं असतं." आणि ब्रश बाजूला ठेवून त्यांनी हातानंच कडेची राहिलेली जागा सारवली. उगाळणं त्यांना जमलं नव्हतं, काही ठिकाणी रंगाचे ओघळ आले होते. ते त्यांनी बोटानं पुसून घेतले.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या, अंतरपाट मी धरला, मंगलाष्टकं भाऊजींनीच म्हटली, नेहमीसारखी बेसूर. सगळे गेल्यावर ते कोनाड्यात दिवा लावायला वाकले. मी विचारलं, "थोडाही नाही उरला?" त्यांनी लाल मूठ माझ्यापुढे उघडली. तळहातावर वरचा पोपडा तेवढा राहिला होता. तो त्यांनी आक्काच्या चिंधीत बांधला आणि दिव्याच्या मागे सारला.

"काळाच," ते म्हणाले.